प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : “मी ४१ वर्षांची असून अमळनेर तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही हातांची बोटे, मनगटे आणि पायांचे चवडे सुजतात. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही. भाकरी थापणे सुटले आहे आणि फळ्यावर लिहिताना खडू निसटतो. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, तेव्हा ‘साधा वात आहे’ असे सांगून मला परत पाठवले गेले. पुढे जळगावच्या डॉक्टरांनी अँटी-सीसीपी तपासणी केली. ती बरीच वाढलेली निघाली आणि त्यांनी आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचे सांगितले. आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन अशी औषधे त्यांनी लिहून दिली. ती प्रतिकारशक्ती कमी करतात आणि पहिले तर कॅन्सरचे औषध आहे असे कळल्यावर मी ती सुरूच केली नाहीत. सासूबाईंनी आठवडे बाजारातून आणलेल्या जडीबुटीच्या पुडीने मात्र दोन दिवसांत आराम पडला. महिनाभर तीच घेते आहे. शेजारच्या काकू म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी झाल्यामुळे हे दुखणे लागले, गुळवेलीचा काढा घे. मी स्वतः सातवीच्या मुलांना पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक असे शिकवते. मग हे सैनिक माझ्याच सांध्यांवर का तुटून पडले? वांगी, उडीद, चिंच सोडावी का? माझ्या १४ वर्षांच्या मुलीलाही हे होईल का?”

ताई,

तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही. ती ओघात एका वाक्यात येऊन गेली आहे. ती म्हणजे पुडी. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे सावकाश वाचली तरी चालतील, परंतु पुडीविषयी या आठवड्यातच काही करायला हवे. आमवाताची सूज दोन दिवसांत उतरवणारी वनस्पती माझ्या पाहण्यात नाही. दोन दिवसांत सूज उतरवते ते बहुतेक वेळा स्टिरॉइड, आणि बाजारात जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये ते कुटून मिसळलेले असल्याचे आपल्या देशात वारंवार आढळले आहे. चेहरा गोल दिसू लागला आहे का, भूक एकदम वाढली आहे का, झोप उडाली आहे का, हे आरशात आणि घरच्यांना विचारून पाहा. मात्र हे वाचून घाबरून पुडी आज रात्रीच बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आपले स्वतःचे कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणे कमी करतात, आणि महिनाभर घेतलेले स्टिरॉइड एकाएकी तोडले तर रक्तदाब कोसळणे, उलट्या, गळून जाणे असे गंभीर प्रकार घडू शकतात. उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा, रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्या आणि मोजून दिलेल्या गोळीवर येऊन ती त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवा. ते रागावतील या भीतीने ही गोष्ट लपवली, तर त्यांचा पुढचा प्रत्येक निर्णय चुकीच्या माहितीवर उभा राहील. सासूबाईंना दोष देऊ नका. सून रात्रभर कण्हते आहे हे पाहवले नाही म्हणून त्या बाजारात गेल्या असणार.

आता तुमच्या सैनिकांकडे वळू. सातवीच्या वर्गात ती उपमा चालते, पण तुमच्या आजारापुढे ती अपुरी पडते. सैनिक म्हटले की त्यांची संख्या जास्त किंवा कमी, एवढाच विचार सुचतो, आणि शेजारच्या काकूंचा सल्ला व तुमची औषधांविषयीची भीती ही दोन्ही त्याच एका विचारातून आली आहेत. प्रत्यक्षात या पेशी अनेक जातींच्या आहेत, त्या एकमेकींना रासायनिक संदेश पाठवून काम करतात, आणि एकच पेशी एका परिस्थितीत सांधा राखते तर दुसऱ्या परिस्थितीत तो पोखरते. म्हणून आमवातात प्रतिकारशक्ती किती आहे हा प्रश्नच गैरलागू ठरतो. कोणत्या पेशी कोणत्या अवस्थेत आहेत आणि कोणता संदेश थांबायला हवा असूनही थांबत नाही, हे पाहावे लागते.

निरोगी सांध्याच्या आतले अस्तर, ज्याला सायनोव्हियम म्हणतात, ते अत्यंत पातळ असते. एकावर एक जेमतेम दोन-तीन पेशी. त्यांतील काही पेशी सांध्याला ओलावा देणारा चिकट द्रव तयार करतात. दुसऱ्या असतात मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, ज्या झिजलेले कण आणि मेलेल्या पेशी गिळून जागा स्वच्छ ठेवतात. या भक्षक पेशी सांध्यात जन्मापासून असतात आणि त्या मुळात शत्रू नाहीत. जर्मनीतील एर्लांगन येथील संशोधकांनी २०१९ मध्ये उंदरांच्या सांध्यांत दाखवले की अस्तराच्या पृष्ठभागावरील भक्षक पेशी एकमेकींना घट्ट जोडून राहतात आणि सांध्याच्या आतील भागाला दाहापासून वेगळे ठेवतात. पेशींची ही जोडणी उसवली की दाह आत शिरतो. आमवातात हेच अस्तर अनेक थरांचे होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्तातून टी-पेशी व बी-पेशी (पांढऱ्या पेशींच्या दोन जाती) आणि नवे मॅक्रोफेज येऊन तिथे मुक्काम करतात. बोटांच्या मुळाशी दाबल्यावर तुम्हाला जी मऊ, गुबगुबीत सूज लागते, ती बरीचशी हे जाडावलेले अस्तर आणि त्याने साठवलेले पाणी असते. म्हातारपणी गुडघा झिजून येणाऱ्या संधिवातात हाताला टणक हाड लागते, आणि सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तुम्ही लिहिलेला ‘तास-दीड तास’ हा तपशील म्हणूनच महत्त्वाचा आहे, आणि तो ऐकूनही ‘साधा वात’ म्हणून परत पाठवले गेले याचे मला वाईट वाटते.

सुरुवात मात्र बहुधा सांध्यात होत नाही. आपल्या प्रथिनांमध्ये आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल असते. काही विकरे त्याचे रूपांतर सिट्रुलिनमध्ये करतात. ही क्रिया निरोगी शरीरातही चालते, पण फुप्फुसात धूर गेल्याने किंवा हिरड्या दीर्घकाळ सुजलेल्या राहिल्याने ती वाढते. धूम्रपान हा आमवाताचा सर्वांत ठळकपणे सिद्ध झालेला टाळता येण्याजोगा धोका आहे, आणि हिरड्यांच्या जुनाट आजाराशीही त्याचा संबंध आढळला आहे. (आपल्याकडे सकाळी दातांना मिश्री लावून बसणाऱ्या बायका घराघरांत असतात. मिश्रीने हिरड्यांची वाट लागते. त्यामुळे तुम्ही ती लावत असाल तर हे वाक्य वाचून झाल्यावर डबी फेकून द्या.) असे बदललेले प्रथिन काही व्यक्तींच्या टी-पेशींना परके वाटते. कोणाच्या, हे अंशतः जनुकांवर ठरते. पेशी प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावरील एका रेणूच्या खोबणीत धरून टी-पेशींना दाखवतात. आमवाताच्या अनेक रुग्णांत या खोबणीची घडण अशी असते की सिट्रुलिन असलेला तुकडा तिच्यात चपखल बसतो. त्या तुकड्याला प्रतिसाद देणारी टी-पेशी मग बी-पेशीला चेतवते, आणि बी-पेशी त्या बदललेल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. तुमच्या रक्तात सापडलेले अँटी-सीसीपी ते हेच.

रक्तपेढ्यांत साठवलेले जुने नमुने तपासून स्वीडन आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी २००३ आणि २००४ मध्ये दाखवून दिले की ही प्रतिपिंडे पहिला सांधा सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात असू शकतात. तेव्हा गेल्या पावसाळ्यात भिजल्यामुळे, कपाशी वेचायला गेल्यामुळे किंवा एखाद्या लग्नातील जेवणामुळे तुम्हाला हा आजार झालेला नाही. आरए फॅक्टरविषयीही इथेच सांगतो. ते १९४० पासून माहीत असलेले, जरा ढोबळ प्रतिपिंड आहे. क्षयरोगात, हेपॅटायटिस सी मध्ये आणि काही निरोगी वृद्धांतही ते सापडते, उलट आमवाताच्या शंभरांपैकी वीस-तीस रुग्णांत ते सापडतच नाही. अँटी-सीसीपी वाढलेले असेल आणि सोबत लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजलेले असतील, तर निदानाविषयी शंका घेण्यास फारशी जागा उरत नाही. तुमच्या जळगावच्या डॉक्टरांचे निदान मला पटते.

प्रतिपिंडे असूनही वर्षानुवर्षे सांधा शांत राहतो, आणि एके दिवशी सुजतो. सुजतो तेव्हा सूत्रे बहुतांशी मॅक्रोफेजकडे गेलेली असतात. प्रतिपिंडांचे पुंजके आणि टी-पेशींचे संदेश यांनी चेतलेले मॅक्रोफेज टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ नावाची संदेशवाहक प्रथिने सोडतात. लंडनमध्ये मार्क फेल्डमान आणि रविंदर मैनी यांच्या गटाने १९८९ मध्ये रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्यांतील फक्त टीएनएफ अडवले. त्यासरशी इंटरल्युकिन-१ चेही उत्पादन घटले. म्हणजे हे संदेश एकापाठोपाठ एक सुटतात आणि वरचा एक अडवला तर खालचे अनेक मंदावतात, हे त्यातून कळले. मैनी हे लुधियानात जन्मलेले. १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफ अडवणारे प्रतिपिंड प्रथम रुग्णांना दिले, आणि आज आमवातासाठी वापरल्या जाणाऱ्या महागड्या इंजेक्शनांचा पाया तिथे घातला गेला. मला या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट की सगळ्या पेशी मारून टाकण्याची गरज पडली नाही; एक संदेश अडवणे पुरले.

तुमच्या काही तक्रारींचे मूळही या संदेशांत आहे. इंटरल्युकिन-६ रक्तावाटे यकृतापर्यंत जाते, तिथे सीआरपी (रक्ततपासणीत दाह दाखवणारे प्रथिन) वाढवते आणि लोहाचा वापर अडवते; म्हणून आमवाताच्या बायकांना लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही आणि काही न करता दमल्यासारखे वाटते. या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण पहाटेच्या सुमारास सर्वाधिक असते, आणि सांधे सकाळीच जास्त आखडण्याचे ते एक कारण आहे. तुम्ही आळशी झाला आहात असे घरात कोणी म्हणत असेल, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवावा.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींविषयी थोडक्यात लिहितो, कारण तुम्ही त्या वर्गात शिकवताच. सुजलेल्या सांध्यातील पाणी काढून पाहिले तर त्यात सर्वाधिक संख्या यांचीच असते. त्या मरताना आपल्या केंद्रकातील धाग्यांचे जाळे बाहेर टाकतात, आणि त्या जाळ्यात सिट्रुलिन झालेली प्रथिने असतात, म्हणजे प्रतिपिंडांना पुन्हा नवे लक्ष्य मिळते. अस्तरातील फायब्रोब्लास्ट, म्हणजे एरवी तो चिकट द्रव तयार करणाऱ्या पेशी, कूर्चेवर चढत जाऊन तिला विरघळवणारी विकरे सोडतात.

हाडाचे नुकसान मात्र सविस्तर समजून घ्यावे लागेल, कारण तुमच्या निर्णयाची निकड त्यात आहे. हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी मॅक्रोफेजच्याच कुळातल्या. टी-पेशी आणि फायब्रोब्लास्ट यांनी सोडलेल्या एका विशिष्ट संदेशामुळे रक्तातून आलेल्या पूर्वज पेशी एकमेकींत मिसळून ऑस्टिओक्लास्ट बनतात आणि अस्तर हाडाला जिथे चिकटलेले असते तिथून हाड कुरतडू लागतात. एक्स-रेमध्ये सांध्याच्या कडेला दिसणारे खाचेसारखे डाग ते हेच. उपचार न घेणाऱ्या अनेक रुग्णांत असे डाग पहिल्या दोन वर्षांतच दिसू लागतात, आणि एकदा झालेली खाच सहसा भरून येत नाही. दाह उतरवता येतो, दुखणे थांबवता येते. वाकडे झालेले बोट औषधाने सरळ होत नाही. पुडीचा खरा तोटा इथे कळतो. तिने दुखणे दबते, त्यामुळे आजार गेला असे वाटून मूळ औषध लांबते. आणि ज्या स्टिरॉइडने सूज उतरते, तेच अंदाजाने घेत राहिले तर हाडे ठिसूळ करते. १९४८ मध्ये अमेरिकेतील फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली आणि १९५० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात या औषधाचे दुष्परिणामही जगाला कळून चुकले. आज आम्ही स्टिरॉइड वापरतो, पण मूळ औषधाचा गुण येईपर्यंतच्या काळापुरते आणि शक्य तितक्या कमी मात्रेत.

आता मेथोट्रेक्सेट. ते कर्करोगात वापरले जाते हे खरे आहे, परंतु काही कर्करोगांत ते एका वेळी कित्येक ग्रॅम देतात, आणि तुम्हाला सांगितले आहे ते आठवड्याला १५ मिलिग्रॅम. इतक्या कमी मात्रेत त्याचे काम पेशी मारण्याचे राहत नाही. त्यामुळे जिथे दाह आहे तिथे ॲडेनोसिन नावाचा रेणू साठतो, आणि ॲडेनोसिन मिळाल्यावर टी-पेशी, न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या सगळ्यांचीच चेतना उतरते. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात काहीच फरक दिसला नाही म्हणून ते सोडून देऊ नये.

या औषधाने प्रत्येक आजार तुम्हाला गाठेल का? संसर्गाचा धोका थोडा वाढतो, हे मी लपवणार नाही. पण बेलगाम आमवातानेही तो वाढतो, आणि पुडीतल्या अंदाजे मात्रेच्या स्टिरॉइडने मेथोट्रेक्सेटपेक्षा जास्त वाढतो. शिवाय सततचा दाह हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. आमवाताच्या रुग्णांत हृदयविकार इतरांपेक्षा जास्त आढळतो. दोन्ही बाजू तोलून मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही हेच औषध सुरू करायला सांगितले असते.

मात्र ते बेफिकिरीने घेण्याचे औषध नाही. आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, आणि गोळ्यांची पट्टी घरातील इतरांच्या रोजच्या औषधांत मिसळू देऊ नका. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या दिवशी घ्या. सुरू करण्यापूर्वी रक्तपेशींची गणना, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या, हेपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे एवढे व्हायला हवे, आणि पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासावे. तोंड सोलवटले, ताप आला, कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना दाखवा. गर्भावर या औषधाचा गंभीर परिणाम होतो. तुमच्या वयात गर्भधारणा शक्य आहे, त्यामुळे खात्रीचे गर्भनिरोधन हवे. लघवीच्या जळजळीसाठी किंवा जुलाबासाठी कोणी को-ट्रायमोक्सॅझोलची गोळी देऊ लागले, तर आपण मेथोट्रेक्सेट घेत असल्याचे आधी सांगा, कारण ही जोडी अस्थिमज्जेला घातक ठरते. गावच्या दवाखान्यात ही गोळी सहज हाती पडते म्हणून मुद्दाम लिहिले. आणि वैशाख-ज्येष्ठात, आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा, पाणी कमी पडून मूत्रपिंड मंदावले तर हे औषध शरीरात साठू शकते. उलट्या-जुलाब होत असताना त्या आठवड्याची गोळी घ्यावी का, हे फोन करून विचारावे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनसाठी डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा तपासावा लागतो. ते तुलनेने सौम्य औषध आहे.

गुळवेलीच्या काढ्याला माझा विरोध आहे, आणि तो आयुर्वेदाशी वैर म्हणून नाही. आधीच चेतलेल्या पेशींना आणखी चेतवणारी कोणतीही वस्तू तुमच्या आजारात उपकारक ठरण्याचे कारण मला दिसत नाही. त्यातच मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तो वाद आपण बाजूला ठेवू. पण ज्या रुग्णाच्या यकृतावर मेथोट्रेक्सेटमुळे आम्हाला लक्ष ठेवावेच लागते, तिने यकृताविषयी वाद असलेला काढा का प्यावा? काकूंचे मन राखायचे असेल तर आल्याचा चहा प्या.

या ठिकाणी २०२० मधील एक अभ्यास सांगावासा वाटतो, कारण तुमच्या सैनिकांच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यात आहे. रोम आणि ग्लासगो येथील संशोधकांनी आमवात पूर्ण शांत झालेल्या रुग्णांच्या सांध्याचे अस्तर तपासले, तेव्हा तिथे मॅक्रोफेज भरपूर होते; पण ते दाह विझवणाऱ्या आणि ऊतक सांधणाऱ्या जातीचे होते. ज्यांच्यात या जातीचे प्रमाण कमी होते, त्यांचा आजार औषध कमी करताच उलटण्याची शक्यता अधिक दिसली. उपचाराने गुण येतो तेव्हा सांध्यातील प्रतिकारपेशी नाहीशा होत नाहीत, त्यांचा कारभार बदलतो. आणि बरे वाटू लागले म्हणून मनाने गोळ्या बंद करणाऱ्या रुग्णांचे सांधे पुन्हा का सुजतात, याचेही एक कारण यातून मिळते.

मेथोट्रेक्सेट पूर्ण मात्रेत घेऊनही तीन ते सहा महिन्यांत पुरेसा आराम पडला नाही, तर पुढे मार्ग आहेत. टीएनएफ अडवणारी इंजेक्शने आहेत, इंटरल्युकिन-६ चा संदेश अडवणारे टोसिलिझुमॅब आहे, बी-पेशी काढून टाकणारे रिटुक्सिमॅब आहे, टी-पेशींना चेतवणारा दुसरा इशारा रोखणारे ॲबाटासेप्ट आहे, आणि पेशीच्या आतील संदेशवहन रोखणाऱ्या टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. यांतील टीएनएफ अडवणारी औषधे आपल्या देशात विशेष जपून वापरावी लागतात. क्षयाचे जंतू अनेकांच्या फुप्फुसांत निपचित पडलेले असतात, आणि त्यांना कोंडून ठेवणारी पेशींची गाठ टीएनएफच्या आधारानेच टिकते. टीएनएफ अडवले तर झोपलेला क्षय उठू शकतो. म्हणून या औषधांपूर्वी क्षयाची तपासणी टाळू नये. एक व्यवहारातली गोष्ट : ही इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. मे महिन्यात जळगावहून अमळनेरपर्यंत एसटीने ती आणायची तर बर्फाच्या पिशव्यांचा डबा लागेल, आणि घरी वीज जाण्याच्या वेळा लक्षात घ्याव्या लागतील. तुम्हाला आज त्यांची गरज नाही.

खाण्याविषयी थोडक्यात. वांगी, उडीद, चिंच यांनी आमवात वाढतो असा भरवशाचा पुरावा नाही. पथ्याची ती यादी बरीचशी यूरिक ॲसिडच्या आजाराशी गल्लत होऊन आली आहे, आणि त्या आजारातही वांग्याचा काही संबंध नाही. भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेल्या जिल्ह्यात राहून भरीत सोडण्याची शिक्षा स्वतःला देऊ नका. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, दूध हे सगळे चालेल. प्रथिने हवीतच, कारण सततच्या दाहाने स्नायू झडतात. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी तुम्हालाच त्रास होतो असे दिसले, तर तेवढा टाळा. वजन वाढू देऊ नका. दारू मेथोट्रेक्सेटसोबत वर्ज्य आहे. तो प्रश्न तुमचा नसेल, पण हे सदर पुरुषही वाचतात.

मुलीची काळजी स्वाभाविक आहे. आई किंवा बहिणीला आमवात असेल तर धोका इतरांपेक्षा काही पटींनी वाढतो, परंतु मुळात शंभरांत एकालाही न होणारा हा आजार असल्याने काही पटींनंतरही बहुसंख्य मुलींना तो होत नाही. जनुके अगदी सारखी असलेल्या जुळ्या बहिणींतही एकीला आमवात असताना दुसरीला तो होण्याचे प्रमाण शंभरांत साधारण पंधराच आहे. तिची अँटी-सीसीपी तपासणी आज करू नका. ती वाढलेली आली तरी तिला द्यायचा उपचार नाही, फक्त घरभर धास्ती पसरेल. दात-हिरड्या नीट ठेवायला शिकवा, तंबाखू-मिश्रीपासून लांब ठेवा, आणि कधी तिच्या बोटांची मुळे सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेली राहिली तर वेळ न घालवता दाखवा.

जळगावला पुन्हा जाताना पुड्या, आरए फॅक्टरचा जुना अहवाल आणि हातापायांचे एक्स-रे काढले असतील तर तेही सोबत घ्या. काढले नसतील तर आत्ता काढून ठेवावेत, म्हणजे वर्षाने तुलना करता येईल. पहिले तीन महिने तरी भाकरीचे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे आणि मुख्याध्यापकांकडे सकाळचा पहिला तास बदलून मागावा. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र तुमचे डॉक्टर देतील.